टँकटॉप 150 मिलिमीटर वर गेला तेव्हा

मी पुण्यात हल डिझाइनमध्ये आहे, जहाजाचा सांगाडा सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करतो. काम परदेशातल्या एका यार्डचं (जहाज बांधणाऱ्या कारखान्याचं), 32.26 मीटर रुंदीचा बल्क कॅरियर (सुटा माल नेणारं जहाज), सात होल्ड (मालाचे कप्पे). जहाज ज्या तुकड्यांत बांधतात ते ब्लॉक कुठे तुटणार हे यार्डच्या क्रेनवर ठरतं आणि ती माहिती नेहमी उशिरा येते, म्हणून सुरुवातीला सातही होल्डखालचा टँकटॉप, म्हणजे मालाखालची आडवी प्लेट, मी एकच पॅनल (मॉडेलमधला एक अखंड भाग) ठेवतो. नावात ब्लॉक नंबर नाही. फ्लोअर म्हणजे टँकटॉपखाली जहाजाच्या रुंदीत उभ्या प्लेटा; त्यांची वरची कड उंचीचा आकडा टाकून नाही तर टँकटॉपचाच रेफरन्स देऊन, आणि टँकटॉपची जाडी मोल्ड लाइनच्या (मापं जिथून धरतात त्या रेषेच्या) वर, म्हणजे क्लासने (जहाजाची रचना तपासून मान्य करणाऱ्या संस्थेने) उद्या प्लेट जाड करायला सांगितली तरी खालचा एक फ्लोअर हलत नाही. याला वेळ लागतो आणि तो कुठल्याच रिपोर्टात दिसत नाही, कारण वरचे लोक आज किती पॅनल झाले तेच मोजतात, मग पोरं आकडा दाखवायला आधीच तुकडे करून मोकळी होतात. चुकीचं आहे हे.

तर त्या दिवशी मेल आला, बॅलास्ट (जहाज स्थिर ठेवायला भरायचं पाणी) कमी पडतोय, डबल बॉटम (तळापासून टँकटॉपपर्यंतची जागा) 1700 मिलिमीटर उंचीचा 1850 करा. सोलासचा (जहाज सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) किमान उंचीचा नियम, रुंदीचा विसावा भाग म्हणजे 1613, तो आधीच पार होता, प्रश्न फक्त बॅलास्टचा. एक आकडा बदलला, रन लावला, जेवून येईपर्यंत सगळे फ्लोअर, गर्डर (जहाजाच्या लांबीत जाणाऱ्या उभ्या प्लेटा) वर. एकही एरर नाही.

तरी मिडशिपला (जहाजाच्या मध्यावर) सेक्शन कापून पाहिलं. हॉपरचं (होल्डच्या कडेच्या तिरप्या प्लेटचं) प्लेन 45 अंशात होतं तिथेच राहिलेलं, त्यामुळे टँकटॉप आणि हॉपर मिळतात तो नकल 150 बाहेर गेलेला, आणि खालचा साइड गर्डर, जो सेंटरलाइनपासूनच्या अंतरावर मॉडेल केलेला, तो जागच्या जागी. बल्क कॅरियरमध्ये फटीगसाठी (वारंवार ताण येऊन धातू थकतो त्यासाठी) आधी हाच कोपरा तपासतात, क्रॅक सुरू व्हायची ठरलेली जागा, तिथे नकलच्या बरोबर खाली गर्डर हवाच. सॉफ्टवेअरला मात्र काहीच खटकलं नाही, गर्डर वरती प्लेटला नीट टेकलेला होता ना.

सर म्हणाले, नकल परत गर्डरवर आण, हॉपरचा उतार कमी कर. मी म्हटलं सर, उतार कमी केला तर माल तिथेच अडकून बसेल, ग्रॅब (माल उपसणारा क्रेनचा पंजा) कोपऱ्यात पोचत नाही. बरीच वादावादी झाली. शेवटी गर्डर सरकवला आणि यावेळी नकललाच बांधला.

पण बॉटम शेलचे (तळाच्या प्लेटचे) लाँगिट्यूडिनल (लांबीत जाणाऱ्या बळकटीच्या पट्ट्या) अजून अंतराच्या आकड्यांवरच आहेत. परत उंची बदलली तर गर्डर सरकत सरकत एखाद्या लाँगिट्यूडिनलवर जाऊन बसेल. तेही नकलला बांधावेत तर सगळं स्पेसिंग बिघडतं आणि क्लासचं गणित नव्याने. सर म्हणतात हे हाताने बघायचं काम आहे. मला अजून तसं वाटत नाही.