पॅप तपासणी: टेबलावर झोपण्याआधी काय बोलून घ्यावं

पॅप तपासणीत गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशींचा नमुना घेऊन कर्करोगाची किंवा त्याआधीच्या बदलांची चिन्हं पाहतात. पहिल्या तपासणीच्या वेळी जे सांगायचं होतं ते टेबलावर झोपेपर्यंत राहून गेलं, आणि मग तोंडातून शब्दच निघेना. म्हणून आता सगळं आधी, खुर्चीत बसून, अंगावर कपडे असतानाच बोलून घेते.

तारीख ठरवतानाच पाळीचे दिवस टाळायचे; रक्त मिसळलं की पेशी नीट दिसत नाहीत. आधीचे दोन दिवस संबंध नकोत, योनीत लावायचं क्रीम किंवा ठेवायची गोळीही नको. निघण्याआधी लघवी करून घ्यायची. अंगात लांब कुर्ता असला की फक्त सलवार उतरवावी लागते. मांड्यांवर घ्यायला चादर मागायची. दिली नाही तर आपली ओढणी आहेच.

डॉक्टर पुरुष असतील तर खोलीत दुसरी बाई हवीच. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत हे आहे, त्यामुळे मागताना संकोच नको.

खरं दुखतं ते स्पेक्युलममुळे, म्हणजे आतलं दिसावं म्हणून योनीत घालून उघडतात त्या चिमट्यासारख्या साधनामुळे. भीतीने मांड्या आणि ओटीपोटाखालचे स्नायू आवळले जातात, आणि आवळलेल्या जागी तो सरकवला की कळ येते. स्पेक्युलम वेगवेगळ्या मापांत येतो, म्हणून लहान मापाचा मागते. धातूचा असेल तर कोमट पाण्याखाली धरायला सांगते. जेल बाहेरून पातळसर लावलेलं चालतं. जास्त झालं तर नमुना बिघडतो. पाळी गेलेल्या बायकांना कोरडेपणामुळे जास्त त्रास होतो, ते आधीच सांगावं. आत घालताना तोंडाने लांब श्वास सोडायचा, माकडहाड टेबलावर टेकलेलं ठेवायचं. गर्भाशयाचं मुख दिसत नसेल तर कमरेखाली दोन्ही मुठी ठेवल्या की बहुतेकदा दिसतं, मग पुन्हा पुन्हा खुपसावं लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आधी ठरवते: “मी ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं.” आणि डॉक्टरांनी प्रत्येक पायरी करण्याआधी मला सांगायची. पेशी घेणारा छोटा ब्रश फिरताना क्षणभर पाळीसारखी कळ येते. ती आधी कळली असेल तर दचकायला होत नाही.

नंतर एखादा दिवस थोडा डाग पडतो. पॅड सोबत न्यावं. अहवालात ‘नमुना अपुरा’ असं आलं तर तो आजार नव्हे, पेशी कमी आल्या किंवा रक्त मिसळलं एवढंच. दोन ते चार महिन्यांनी पुन्हा नमुना द्यायचा, आणि त्याही वेळी हे सगळं पहिल्यापासून सांगायचं.