लाल टॅग

मार्चएंडच्या आदल्या आठवड्यात चाकणच्या आमच्या प्लांटमध्ये सकाळच्या शिफ्टला स्टिअरिंगच्या एका ब्रॅकेटखाली बोल्टचं डोकं पडलेलं सापडलं. बोल्ट आदल्या संध्याकाळी बरोबर टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराने, कसला होता, रात्री त्याला कुणी हात लावला नव्हता. तुटलेला भाग साखरेसारखा दाणेदार. 12.9 ग्रेडच्या, म्हणजे फार मजबूत पोलादाच्या, झिंक प्लेटिंगच्या बोल्टवर हे दिसलं की क्वालिटीच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. प्लेटिंग करताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. हा हायड्रोजन काढायला बोल्ट प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत, साधारण 200 अंश सेल्सिअसवर, भट्टीत बराच वेळ ठेवावे लागतात; याला बेकिंग म्हणतात. ते राहिलं तर कसताना काहीच कळत नाही. ताणाखाली काही तासांनी, कधी दिवसांनी बोल्ट तुटतो.

सप्लायर नवा. त्याच्या रिपोर्टात बेकिंगसमोर नुसतं 'ओके', ना वेळ ना तापमान. मी अख्खा लॉट होल्डवर टाकला, पेट्यांना लाल टॅग लावले.

मीटिंगमध्ये खरेदीच्या सरांनी विचारलं, "एकच तुटला ना?" मी 2013 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर काय झालं ते सांगितलं: ताण दिल्यावर काही दिवसांत 96 पैकी 32 सळया तुटल्या, कारण हायड्रोजनच. ते म्हणाले, "अहो, तो पूल आहे. आपल्याला आज माल काढायचाय."

नव्या सप्लायरमुळे झालेली बचत त्यांच्या टार्गेटमध्ये धरलेली होती. लाइन थांबली तर तो खर्च माझ्या खात्यावर. बोल्टची जबाबदारी मात्र त्या टेबलावर कुणाचीच नव्हती. लॅबला नमुना पाठवायचा तर पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर, पीओला बजेट, बजेटला प्लांट हेडची सही, आणि ते दौऱ्यावर. माल सोडायला मात्र डेव्हिएशन नोटवर, म्हणजे नियमातून सूट देणाऱ्या कागदावर, एक सही पुरते. ती दुपारी झाली. माझे सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मेल नको करूस, तोंडी बोलू." मी मेल केला.

टॅग निघाले, गाडी गेली. टूलरूमच्या दादांनी मला काही बोल्ट जाड प्लेटवर टॉर्कला कसून दिले. सकाळी त्यांतली तीन डोकी खाली पडलेली होती. फोटो मी मधल्या कुणालाही न विचारता प्लांट हेडना पाठवले. लॉट ग्राहकाच्या स्टोअरमधूनच परत आला, वाहनांवर चढण्याआधी.

नंतरची मीटिंग परतीचा खर्च कुणाच्या माथी मारायचा यावरच चालली. भट्टीचा विषय निघाला तेव्हा लोक उठायला लागले होते. याचा मला अजून राग आहे. सुरक्षेशी संबंधित भागाच्या डेव्हिएशन नोटवर तो भाग समजणाऱ्या इंजिनिअरची सही असल्याशिवाय माल हलू नये, अशी मागणी मी लेखी दिली आहे. उत्तर आलेलं नाही. दर सोमवारी विचारतो.