जळगाव ते गुलमर्ग: स्की निवडताना कागदाचा तुकडा जवळ ठेवा

फेब्रुवारीत आम्ही चौघं जळगावहून झेलम एक्स्प्रेसने जम्मूला उतरलो. पुढे रस्त्याने श्रीनगर, मग टंगमर्गवरून गुलमर्ग. प्रवास एवढाच. मला सांगायचंय ते स्कीबद्दल.

भाड्याच्या दुकानात नुसतं 'स्की द्या' म्हटलं की उतारावरच्या, टाच जखडणाऱ्या मिळतात. सपाटीवर फिरायचं तर 'क्रॉस-कंट्री' असं स्पष्ट मागा. तिच्यात बूट फक्त पुढून अडकतो, टाच मोकळी राहते. मला नुसती उंची बघून जोडी दिली आणि पहिला दिवस वाया गेला. जरा चढ आला की पाय मागे सटकायचा.

कारण दुसऱ्या दिवशी आमच्या प्रशिक्षकांनी दाखवलं. स्की मधोमध कमानीसारखी उचललेली असते. एका पायावर सगळा भार आला की ती दबून मधला भाग बर्फाला टेकतो आणि तिथेच पकड मिळते. माझं वजन ५८ किलो, ती कमान दबतच नव्हती! म्हणून उंचीपेक्षा वजन आधी सांगा आणि दुकानातच परीक्षा घ्या. सपाट फरशीवर दोन्ही स्कींवर सारखा भार ठेवून उभे राहा. पावलाखाली सरकवलेला कागद सहज हलला पाहिजे. मग एकाच पायावर भार द्या, आता तो घट्ट अडकला पाहिजे. नाही अडकला तर स्की तुमच्यासाठी ताठ आहे. पहिल्यांदाच अडकला तर फार मऊ, ती सरकणारच नाही.

दोन्ही टोकांना सरकायचं मेण लागतं. ते इस्त्रीने वितळवून लावायचं, गार झालं की प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं. पकडीचं मेण फक्त मध्ये, टाचेपासून बुटापुढे दीड-दोन वितींपर्यंत. कोरड्या थंड बर्फाला निळं, शून्याच्या आसपास जांभळं, ओल्याला लाल. खापरावरच्या मांड्यासारखे पातळ थर द्या आणि प्रत्येक थर बुचाने घासा. जाड थापलं की बर्फाचे गोळे चिकटतात. सकाळी आम्ही निळ्याचे चार थर दिले होते. अकराला ऊन चढलं, पाय सटकायला लागले, तेव्हा त्यावरच जांभळं लावलं आणि चढ सरळ चढून गेलो. उलटं करू नका, मऊ मेणावर कडक बसत नाही.

वितळून पुन्हा गोठलेल्या खरबरीत बर्फाला क्लिस्टर, म्हणजे ट्यूबमधून येणारं चिकट पकडीचं मेण, लागतं. ट्यूब उरलीच तर घरी माळ्यावर टाकू नका, आपल्या उन्हाळ्यात ती पाझरून सगळं चिकट करते.