चौदाव्या आठवड्याचा केसपेपर

"आतसून हात लावू नको हां बाय, पोराक काय झाला तर?" सासूबाई म्हणाल्या आणि मी नाही लावला. देवगडकडची बाई, तिसऱ्या खेपेची गरोदर, चौदावा आठवडा, अंगावरून लाल जात होतं. सोनोग्राफीत वार वर (खाली असती तर रक्त त्यामुळे जातंय म्हटलं असतं), बाळ ठीक. गोळ्या दिल्या, आराम सांगितला.

मधे दुसरीकडे कुणीतरी "वार खाली असेल" म्हणून परत पाठवलं. सोनोग्राफीचा कागद उलगडायचेही कष्ट नाहीत! गरोदर बाईला रक्त गेलं की सगळे वारेकडेच बोट दाखवतात.

विसाव्या आठवड्यात ती परत आली. या वेळी सासूबाईंना बाहेर बसवलं, आत बघायचा स्पेक्युलम घातला. गर्भपिशवीच्या तोंडाच्या वरच्या ओठावर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी गाठ, कापूस टेकवला तरी भळभळणारी. गरोदरपणात तुकडा घेता येतो. फक्त आतल्या मार्गात खरवडायचं नाही. कडेचा डाळीएवढा तुकडा घेतला आणि गॉजची पट्टी दाबून घड्याळाकडे बघत दहा मिनिटं उभी राहिले. रिपोर्ट कॅन्सरचा.

मुंबईला कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन न देता एमआरआय झाला. गाठ तीन सेंटिमीटर, गाठीबाहेर काही नाही. गर्भपाताचा विषय निघाला, पण नवराबायकोला मूल हवं होतं. तेवीसाव्या आठवड्यापासून दर तीन आठवड्यांनी केमो, चार वेळा. मधली रक्ततपासणी आमच्याकडे. नवऱ्याने ट्रॉलरवरची खलाशाची नोकरी सोडली. तिचा मला प्रश्न एकच : "गणपतीक घराक येवक गावात मां?" रक्तातल्या पेशी बऱ्या होत्या, आली.

शेवटच्या केमोनंतर पेशी सावरायला तीन आठवडे दिले आणि पस्तिसाव्या आठवड्यात सिझर केलं. नॉर्मल बाळंतपण नको, कारण गाठ फाटून रक्तस्राव होतो, शिवाय टाक्यांच्या जागी कॅन्सर रुजल्याच्या केसेस आहेत. छेदही नेहमीसारखा खाली आडवा नाही, वर उभा, गाठीपासून लांब. त्याच टेबलावर पिशवी काढली. मुलगी २.१ किलोची.

चौदाव्या आठवड्यात गाठ केवढी होती? दोन सेंटिमीटरच्या आत असती तर कदाचित पिशवीच्या तोंडाचा तेवढाच भाग काढून भागलं असतं, कदाचित नसतंही. केसपेपरवर माझ्याच अक्षरात आहे, 'वार वर. विश्रांती.' आतल्या तपासणीची ओळ कोरी.

परवा ती लेकीला डोस द्यायला आली होती. रांगेतल्या बायांना सांगत होती, "ह्या बायन बघल्यान म्हणान कळला."

मी पुढचा नंबर पुकारला.