आमची वाटचाल : वेबसाइटवरची एक पाटी आम्ही का काढली

2021 च्या मार्चअखेरीस आम्ही आमच्या आंबा-आमसुलांच्या दुकानाच्या वेबसाइटवर 'येथे बिटकॉइन स्वीकारले जाईल' अशी पाटी लावली आणि जूनमध्ये काढून टाकली. अजूनही कुणीकुणी विचारतं, विशेषतः नवीन ऑनलाइन दुकान काढणारी मुलं, की मालाच्या मोबदल्यात आपण क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारखं फक्त संगणकावर असणारं नाणं, घ्यावं का. फोनवर दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. त्यासाठी जरा मागून सुरुवात करावी लागेल.

आमच्या धंद्याची सुरुवात गिरणी संपातून झाली. माझे सासरे, अण्णा, मुंबईत गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. वर्षभर वाट बघून ते वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या गावी परतले. तोवर घर त्यांच्या मनिऑर्डरीवर चाले, तेव्हा कोकणातल्या कितीतरी घरांचं चालायचं तसंच. पोस्टमन ओटीवर बसून पैसे मोजून द्यायचा, सासूबाई सही करायच्या आणि पोचपावतीचा तुकडा परत मुंबईला अण्णांच्या खोलीवर जायचा. त्या सगळ्या पावत्या अण्णांनी एका ट्रंकेत जपून ठेवल्या आहेत. एकदा फॉर्मवर त्यांच्याच हातून पत्ता चुकला. पैसे घरी पोचले नाहीत, पण फिरून त्यांच्याकडेच आले. हा प्रसंग ते मला कितीदा तरी सांगत आले आहेत आणि त्याचं महत्त्व मला 2021 पर्यंत कळलं नव्हतं.

गावी आल्यावर आमसुलांनी सुरुवात झाली. रातांब्याची सालं मीठ घातलेल्या रसात भिजवायची, उन्हात टाकायची, परत भिजवायची, परत वाळवायची. चार पुटं बसली की रंग येतो. सासूबाईंची आमसुलं अण्णांच्या जुन्या चाळीत जायला लागली. मी 1998 साली या घरात आले, तेव्हा काजूगर, फणसपोळी, कुळथाची पिठी आणि आगळ अशी यादी झाली होती. आंबा मात्र वाशीलाच जायचा. पेट्या पाठवायच्या आणि दलालाची पट्टी येईपर्यंत थांबायचं. मार्चमधल्या पेटीचा भाव आणि 15 मेनंतरचा भाव यांत जमीन-अस्मानाचा फरक. हे मुद्दाम सांगते, कारण लोक म्हणतात की भाव वरखाली होतो म्हणून सामान्य माणूस क्रिप्टोला घाबरतो. आंबा बागायतदार भावाच्या चढउताराला कधीच घाबरलेला नाही. त्याचं सगळं आयुष्य त्यात जातं. आमच्या लोकांचा अविश्वास दुसऱ्याच गोष्टीतून आला आणि तो मी जवळून पाहिला.

नोटाबंदीनंतर आम्ही दुकानात क्यूआर कोड लावला. 2018 मध्ये वेबसाइट केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आणि थेट बागेतून पेटी मागवणारी गिऱ्हाइकं वाढली.

वेबसाइटचं काम बघतो माझा धाकटा दीर. तो पुण्यात संगणकाचं काम करतो. बिटकॉइनचा आग्रह त्याचाच. त्याचं म्हणणं पोरकट नव्हतं. कार्डाने पैसे आले की पेमेंट गेटवे, म्हणजे ते पैसे आपल्या खात्यात पोचवणारी मधली कंपनी, साधारण दोन टक्के कापतो, त्या कापलेल्या रकमेवर 18 टक्के जीएसटी. 2019 मध्ये एका गिऱ्हाइकाने माल मिळाल्यावर 'मी हा व्यवहार केलाच नाही' असं त्याच्या बँकेला कळवलं आणि आमच्या खात्यातून पैसे परत गेले. माल गेला तो गेलाच. दीर म्हणाला, "वहिनी, बिटकॉइनमध्ये हे होऊच शकत नाही. मध्ये बँक नाही, गेटवे नाही. एकदा पैसे आले की ते आपले, कुणी मागे घेऊ शकत नाही." 4 मार्च 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून दूर ठेवणारं रिझर्व्ह बँकेचं 2018 चं परिपत्रक रद्द केलं होतं, त्यामुळे जिथे ही नाणी विकली-घेतली जातात त्या एक्स्चेंजना बँकेची दारं उघडली होती. 2021 च्या मार्चमध्ये टेस्लाने बिटकॉइन घेऊन गाड्या विकायला सुरुवात केली, ती बातमी त्याने आमच्या घरच्या ग्रुपवर टाकली. मला पटलं. घरात मी आणि तो एका बाजूला, अण्णा दुसऱ्या बाजूला. अण्णांनी एकच विचारलं, "पैसे बुडले तर दाद खंय मागूची?" आम्ही दोघांनी त्यांना समजावलं की हे पैसे बुडतच नाहीत, जगभरातल्या हजारो संगणकांवर एकच वही लिहिलेली असते आणि ती कुणाला खोडता येत नाही. ते खरंच आहे. पण त्यांचा प्रश्न वहीबद्दलचा नव्हता.

एकूण सात ऑर्डरी बिटकॉइनने आल्या. सर्वांत मोठी मस्कतहून, एप्रिलच्या मध्यावर. मूळ कुडाळचा माणूस, आई पुण्यात बहिणीकडे. आईला आणि बहिणींना मेच्या तिसऱ्या आठवड्यात पेट्या पोचवायच्या, एकूण 18,000 रुपये. त्याने पाठवलेलं आमच्या वॉलेटमध्ये, म्हणजे नाणी ठेवायच्या ॲपमध्ये, पक्कं व्हायला वेळ लागला, कारण नवीन ब्लॉक, म्हणजे त्या वहीचं नवीन पान, साधारण दहा मिनिटांनी बनतो आणि खात्री पटायला सहा ब्लॉक थांबायची पद्धत आहे. त्या दिवसांत नेटवर्कची फीसुद्धा खूप चढली होती. ही फी रकमेवर ठरत नाही. लाख पाठवा नाहीतर हजार, वहीत जागा तेवढीच लागते आणि फी तेवढीच पडते. लहान दुकानाच्या ऑर्डरीला ती किती जाचक आहे हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

16 मेला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. रविवार होता. रात्रभर वारा. सकाळी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती, कैऱ्यांचा सडा आणि मोडलेल्या फांद्या. आढी घातलेल्या खोलीचे पत्रे उडाले होते, पेंढा भिजून काळा पडला होता, त्यात मस्कतवाल्याचे आंबेही होते. वीज गेली, फोन गेले. पाचव्या-सहाव्या दिवशी रेंज आली तेव्हा मी पहिल्यांदा यादी काढून बसले की कुणाकुणाचे पैसे परत करायचे.

यूपीआयने आणि कार्डाने दिलेल्यांचे पैसे एका दुपारी परत गेले. बिटकॉइनच्या ऑर्डरीशी येऊन हात थांबला. आम्ही वादळात असताना, 19 मेला एका दिवसात बिटकॉइन 43 हजार डॉलरच्या आसपासवरून 30 हजारांपर्यंत कोसळून मग थोडा सावरला होता. एप्रिलच्या मध्यावर तो 63-64 हजारांवर होता. आमच्याकडे पडून असलेल्या त्याच नाण्याची किंमत आता साडेदहा हजारांच्या आसपास उरली होती. मग परत काय करायचं, त्याने दिलेलं नाणं की 18,000 रुपये? नाणं परत केलं तर तोटा गिऱ्हाइकाचा, ज्याला आंबा मिळालाच नाही. रुपये दिले तर तोटा आमचा, ज्यांची बाग आडवी झाली होती. दीर म्हणाला, नाणं घेतलं तर नाणंच द्यायचं, हाच नियम. मी म्हटलं, आणि भाव दुप्पट झाला असता तर? मग गिऱ्हाईकच नाणं मागेल आणि आपण रुपये पुढे करू. दोन्ही बाजूंनी बरोबर असणारा हिशेब मला सापडला नाही. आम्ही त्याच्या आईच्या खात्यात 18,000 रुपये भरले. मी आजही तसंच करेन.

अण्णांच्या प्रश्नाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. आंबा नासतो, त्याला साका निघतो, पार्सल वाटेत दबतं. आमच्या धंद्यात पैसे परत करणं हा अपवाद नाही, दर हंगामातलं काम आहे. आणि जे पैसे कुणालाच मागे घेता येत नाहीत, ते परत करण्याचा सगळा भार एकट्या दुकानदाराच्या सचोटीवर येतो. दुकानदार प्रामाणिक नसेल तर गिऱ्हाइकाला जायला कुठली जागाच उरत नाही. बँकेकरवी पैसे मागे घ्यायच्या कार्डाच्या सोयीने 2019 ला आमचं नुकसान केलं होतं हे खरं. तरीही गिऱ्हाइकाकडे ती सोय असावी, असं मला वाटतं.

पण पाटी आम्ही त्या साडेसात हजारांच्या तोट्यामुळे काढली नाही.

जूनच्या सुरुवातीला शेजारच्या वाडीतला एक बागायतदार दुकानात आला. त्याला कुणीतरी एक ॲप दिलं होतं. त्यात एक 'कॉइन' रोज थोडाथोडा वाढताना दिसायचा. हंगामाआधी व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल त्याने त्यात घातली होती. वादळानंतर पैसे काढायला गेला, तर आधी वीस टक्के टॅक्स भरा असं उत्तर आलं. तो भरला. मग आणखी काहीतरी. शेवटी ॲपच उघडेना. मी सगळं ऐकून म्हटलं, यात बिटकॉइन कुठेच नाही, नाणंच नाही, नुसते आकडे होते. त्यावर तो म्हणाला, "पण वहिनी, एजंटाने तुमची वेबसाइट दाखवली. म्हणाला, बघा, वेंगुर्ल्यातलं दुकानपण घेतं. तुमचं नाव बघून मी पैसे घातले."

त्या रात्री मला झोप आली नाही. अण्णांनी अडतीस वर्षांत आमसूल-आमसूल करून मिळवलेला विश्वास कुणीतरी आमच्या नकळत वापरला होता, आणि तो वापरता यावा अशी जागा मीच करून दिली होती. दुसऱ्या दिवशी दिराला फोन केला आणि दुपारपर्यंत पाटी गेली. त्या बागायतदाराला आम्ही पोलिसांकडे घेऊन गेलो, तक्रार लिहिली. पैसे परत आलेले नाहीत. पुढच्या दोन हंगामांत त्याचा आंबा आम्ही कमिशन न घेता आमच्या वेबसाइटवरून विकला. याहून जास्त काही करता आलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून कुणी 'लोकांना तंत्रज्ञान कळत नाही, म्हणून ते क्रिप्टोला बिचकतात' असं म्हटलं की मला राग येतो. आमच्या लोकांनी दामदुपटीच्या योजना पाहिल्या आहेत, रातोरात बंद झालेली ऑफिसं पाहिली आहेत. नवीन नाव घेऊन तोच माणूस परत दारात आला, तर त्यांनी त्याला ओळखणं हा शहाणपणा आहे. रिझर्व्ह बँकेने तर 2013 च्या डिसेंबरमध्येच लोकांना सावध केलं होतं. क्रिप्टो म्हणजेच फसवणूक, असंही मी म्हणणार नाही. दिराकडे आजही बिटकॉइन आहे, तो त्याच्या कमाईचा आणि जोखमीचा प्रश्न आहे. ते जवळ ठेवणं गुन्हा नाही, पण ते चलनही नाही, कुणावर घ्यायची सक्ती नाही.

नंतरच्या गोष्टींनी निर्णय पक्का होत गेला. दीर म्हणाला होता, चढउतार नको तर डॉलरला बांधलेली, म्हणजे किंमत कायम एक डॉलर राहील असं सांगितलं जातं ती, नाणी घेऊ. पुढच्याच हंगामात, 2022 च्या मेमध्ये, टेरा नावाच्या क्रिप्टो प्रकल्पाचं, डॉलरला बांधलेलं म्हणवलं जाणारं नाणं काही दिवसांत काही सेंटांवर आलं. सगळीच तशी नसतात, पण कुठलं कसं हे ओळखायचं काम आमसुलं वाळवणाऱ्या घराने का करावं? त्याच वर्षी 1 एप्रिलपासून नफ्यावर 30 टक्के कर आला, तोटा दुसऱ्या कशातूनही वजा करता येत नाही, आणि 1 जुलैपासून ठरावीक मर्यादेवरच्या व्यवहारांना एक टक्का टीडीएस. म्हणजे 2021 सारखा भाव पडला तर तोटा पूर्ण आपला, चढला तर जवळपास तिसरा हिस्सा सरकारचा. आमच्या सीएने हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा दीरही गप्प झाला.

तेव्हा विचारणाऱ्या मुलांना माझं उत्तर असं आहे. तुमचा माल नासणारा असेल, परत येणारा असेल, गिऱ्हाईक घरगुती असेल, तर घेऊ नका. परदेशातल्या, कार्ड न चालणाऱ्या लोकांना सॉफ्टवेअरसारखं काही विकत असाल तर विचार करा, पण आलेलं त्याच दिवशी रुपयांत करा, परतावा रुपयांत की नाण्यात हे आधी ठळक लिहा, आणि सीएला विचारल्याशिवाय पहिली ऑर्डर घेऊ नका.

मस्कतचं गिऱ्हाईक टिकलं. 2023 पासून ओमानसह दहा देशांतल्या नंबरांवर अनिवासी खात्यातून यूपीआय करायची परवानगी मिळाली, तेव्हा ते सुरू होताच त्याने स्वतः कळवलं. आता दर मार्चमध्ये तो तिकडच्या नंबरावरून पैसे टाकतो. पेटी पुण्यात उतरली की त्याची आई मला फोन करते, "पावली गो बाये," आणि मी वहीत तिच्या नावापुढे तारीख घालते.