तुम्ही विचारलंत म्हणून: बाळंतपण दुबईत की अमळनेरला?

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले की गल्लीतली एक तरी मावशी ओट्यावर बसवून घेते आणि विचारते, "कितला पैसा लागनात वं बाई, तिकडे?" हल्ली हाच प्रश्न आखातात गेलेल्या पोरीही विचारतात, फोनवर, दबक्या आवाजात, बहुधा तिसऱ्या महिन्यात. तिकडेच करू की घरी येऊ? स्वस्त काय पडेल?

माझी दोन बाळंतपणं झाली. पहिलं २०१७ मध्ये अमळनेरला, दुसरं २०२१ मध्ये दुबईत. दुबईत माझी नोकरी हिशेबाचीच, त्यामुळे दोन्ही वेळचा जमाखर्च वहीत आहे. वही उघडली की लोकांना आधी दवाखान्याचा आकडा बघायचा असतो. माझ्या मते तो आकडा सगळ्यात शेवटी बघावा.

पहिल्या वेळी आम्हीही तीच चूक केली. दुबईतल्या दवाखान्याने सांगितलेलं पॅकेज, गुणिले साडेसतरा (दिरहम तेव्हा तेवढ्याला होता), आणि समोर अमळनेरच्या नर्सिंग होमचे नॉर्मलचे पंचवीस हजार. विषयच संपला. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच असतं. आईने फेब्रुवारीतच डिंक, खारीक आणून ठेवली होती.

गणित बसवायचं होतं ते दिवसांचं. अठ्ठावीस-एकोणतीस आठवड्यांनंतर विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागू लागतात, छत्तीसनंतर बहुतेक कंपन्या बसूच देत नाहीत. म्हणून मी अठ्ठावीस आठवडे भरता भरता, मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघाले. तारीख मेअखेरची. म्हणजे आधीचे बारा आठवडे, आणि बाळ घेऊन परत जायचं तर नंतरचे किमान बारा. चोवीस आठवडे म्हणजे १६८ दिवस. दुबईचा रेसिडेन्स व्हिसा सलग सहा महिने बाहेर राहिलं की बाद होतो. हातात राहिले बारा दिवस. या बारा दिवसांत बाळाच्या पासपोर्टचा उशीर, व्हिसाचा उशीर, आजारपण, सगळं बसवायचं होतं.

आता रजा बघा. तेव्हाच्या तिथल्या कायद्याने बाळंतपणाची भरपगारी रजा पंचेचाळीस दिवस. (२०२२ च्या फेब्रुवारीपासून ती साठ झाली, पण शेवटचे पंधरा दिवस अर्ध्या पगाराचे.) माझी वर्षाची हक्काची रजा तीस दिवस. पंचाहत्तर झाले. उरलेले त्र्याण्णव दिवस बिनपगारी. साहेबांनी रजा दिली, नोकरी राखून ठेवली, त्यांचे उपकारच. पण सहा हजार दिरहमच्या पगाराने तीन महिन्यांचे अठरा हजार गेले. रुपयांत तीन लाख पंधरा हजार. हा आकडा कुणी विचारत नाही, कारण तो खिशातून जाताना दिसत नाही. यायचा तो येत नाही, एवढंच.

दवाखान्यात काय झालं? कळा आल्या, रात्रभर वाट पाहिली, पहाटे सिझर. पंचवीसचे अडतीस हजार झाले. तिसऱ्या दिवशी बाळाला कावीळ. ही फार बाळांना होते, घाबरण्यासारखी नव्हती, पण निळ्या लाइटखाली ठेवायला जळगावला न्यावं लागलं. दोन दिवसांचे अकरा हजार. मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंश, टाके ओले, आणि मी अमळनेरला कूलरसमोर दूध काढून भावाच्या हाती पाठवत होते. एकूण एकोणपन्नास हजार. सरकारी दवाखान्यात तर, २०११ च्या जननी शिशु सुरक्षा योजनेपासून, सिझरसुद्धा मोफत आहे. आमच्या घरात तो पर्याय कुणी तोंडावरही आणला नाही, ही आमची मिजास.

म्हणजे वहीत दवाखाना एकोणपन्नास हजार आणि न आलेला पगार तीन लाख पंधरा हजार. त्यात माझं तिकीट, नवऱ्याची बारशाची फेरी, जळगावच्या सराफाकडचे वाळे आणि कडदोरा, दोनशे माणसांचं जेवण. बारसं दवाखान्यापेक्षा महाग पडलं, हे लिहायला लाज वाटते, पण वहीत आहे.

बारशाची एक गंमत सांगते, कारण ती पैशाशी जोडलेली आहे. वडिलांचं म्हणणं, जावई आल्यावर सव्वा महिन्याने बारसं करू. पण पासपोर्टला जन्मदाखला लागतो, तोही नावासकट. जन्माची नोंद एकवीस दिवसांत केली तर फुकट होते, आणि नाव नंतरही घालता येतं. पण माझ्याकडे 'नंतर' म्हणून बाराच दिवस होते. मी भावाला गुपचूप नगरपालिकेत पाठवलं आणि नाव घालून दाखला आणवला. नणंदेने पाळण्यापाशी बाळाच्या कानात 'कुर्र' केलं, तेव्हा त्या नावाचा पासपोर्टचा अर्ज नाशिकला होऊनही गेला होता. तिला हे दोन वर्षांनी कळलं. अजून ऐकवते.

दुसऱ्या वेळी मी दवाखान्याचा दर विचारण्याआधी कंपनीच्या विम्याचा कागद मागवला. माझी खरी शिफारस हीच. चाचणी पॉझिटिव्ह यायच्या आधी तो कागद वाचा. बाळंतपणाला वेगळी मर्यादा आहे का, आपला वाटा किती टक्के, नव्याने घेतलेल्या पॉलिसीत किती महिने थांबावं लागतं, बाळ पहिले तीस दिवस आईच्या विम्यात धरतात का, आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर तो खर्च कुणाचा. भारतातल्या वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपणासाठी दोन-चार वर्षं थांबावं लागणं काही नवलाचं नाही. गर्भार राहिल्यावर विमा शोधणं म्हणजे पेरणी उरकल्यावर बियाण्याचा भाव विचारणं.

आमच्या विम्याची मर्यादा दहा हजार दिरहम होती, त्यात आमचा वाटा दहा टक्के. सिझरचं बिल सोळा हजार आठशे. म्हणजे वरचे सहा हजार आठशे आणि वाट्याचे हजार, मिळून सात हजार आठशे खिशातून. दिरहम तोवर वीसला पोचला होता, म्हणजे एक लाख छप्पन्न हजार. अमळनेरच्या तिप्पट. पण बिनपगारी रजा एक दिवसाचीही नाही. घरकामाला आणि बाळाला बघायला बाई ठेवली, दोन महिन्यांचे पाच हजार दिरहम. सगळं धरून अडीच लाखांच्या थोडं वर. पहिल्या वेळचे नुसते पगार आणि दवाखाना मिळूनच साडेतीन लाखांच्या पुढे जातात. घरभाडं मी दोन्हीकडे धरलं नाही, ते तसंही भरायचंच होतं.

कागदांचा खर्च मात्र आधीच करून ठेवा. आमचं लग्न धुमधडाक्यात झालं, नोंदवलं कुणी नव्हतं. दुबईत बाळाच्या दाखल्याला साक्षांकित विवाह प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी भटजींची सही, तीन साक्षीदार, मग शिक्क्यांसाठी मुंबई, दिल्ली, दूतावास. लग्नाला चार वर्षं झाल्यावर भटजींना शोधायला माझे वडील पारोळ्यापर्यंत गेले होते. बाळ जन्मल्यावर १२० दिवसांत त्याचा व्हिसा करावा लागतो, आणि त्याआधी भारतीय पासपोर्ट. दूतावासात जन्माची नोंद वर्षाच्या आत करा, नाहीतर नागरिकत्वाचं प्रकरण वाढतं. आणि नाही, तिथे जन्मली म्हणून पोरगी तिथली नागरिक होत नाही. हेही ओट्यावर दर वर्षी सांगते.

आता वहीतली एक ओळ, जिच्यापुढे रक्कम नाही. २०२१ च्या जूनमध्ये तारीख होती. आईचं तिकीट २ मेचं काढलं होतं. २४ एप्रिलच्या रात्रीपासून युएईने भारतातून येणारे प्रवासी बंद केले. बाळंतपणाला माझ्याजवळ नवरा आणि शेजारची मल्याळी ताई. तिने हळद घातलेलं गरम पाणी आणि कसलासा काळा लेह्य (चाटण) दिला. चांगला होता, पण मला बाजरीची भाकरी हवी होती. शेकशेगडी व्हिडिओ कॉलवर झाली. आई तिकडून "अजून जवळ धर" म्हणायची आणि नवरा हीटर सरकवायचा.

आई आली डिसेंबरमध्ये. पोरगी बसायला लागली होती, मी कधीच कामावर जात होते. बॅगेत तीन किलो डिंकाचे लाडू निघाले, बाळंतिणीचे. म्हटलं, आई, आता कशाला? म्हणाली, डिंक मार्चमध्येच आणला होता, टाकून देऊ का?