टेबलावर ठेवलेला प्रस्ताव

काही वर्षांपूर्वी मी पुण्याजवळच्या एका लहान कारखान्यात परदेशी पत्रव्यवहार पाहत असे. अमेरिकेतील एका ग्राहकाला आम्ही पंपाच्या सुट्या भागांचा प्रस्ताव पाठवला होता. तीन आठवड्यांनी उत्तर आले, की आपला प्रस्ताव आमच्या बैठकीत ‘टेबल’ करण्यात आला आहे. सभागृहाच्या पटलावर अहवाल ठेवले गेल्याच्या बातम्या वाचत वाढलेल्या माझ्या मनाने अर्थ तत्काळ लावला : प्रस्ताव चर्चेला आला. मी तसे साहेबांना सांगितले आणि साहेबांनी उत्साहाच्या भरात नमुन्याचे भाग स्वखर्चाने विमानाने रवाना केले. ते मिळाल्याची पोच आली. त्यानंतर काहीच आले नाही.

‘टेबल करणे’ म्हणजे ब्रिटनमध्ये एखादा विषय चर्चेसाठी मांडणे, आणि अमेरिकेत तोच विषय बाजूला ठेवून देणे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात तर एखादे विधेयक टेबलावर ठेवण्याचा ठराव संमत झाला, की ते चर्चेविनाच निकालात निघते. आपली संसदीय भाषा ब्रिटिश वळणाची असल्यामुळे ‘पटल’ हा शब्द ऐकताच आपल्याला काहीतरी पुढे सरकल्यासारखे वाटते. या शब्दाने माझ्याहून मोठ्यांनाही चकवले आहे, एवढेच काय ते समाधान. दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात चर्चिल यांनी नोंदवले आहे, की ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचे होते, म्हणून ते ‘टेबल’ करू या असे त्यांनी सुचवले. अमेरिकी अधिकाऱ्यांना वाटले, की ते टिपण खणात टाकायचे आहे. आणि दोन्ही पक्षांचे म्हणणे एकच आहे हे लक्षात येईपर्यंत बराच वेळ कडाक्याचा वाद झाला.

अनोळखी वाक्प्रचारांची मला तितकीशी धास्ती वाटत नाही. ‘बॉलपार्क फिगर’ पाठवा, असे कोणी लिहिले तेव्हा बेसबॉलचे मैदान मी कधी पाहिलेले नसल्याने निमूटपणे शब्दकोश उघडला, आणि अंदाजे आकडा कळवून मोकळा झालो. ‘स्टिकी विकेट’ मात्र आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. तिथे अडखळण्याची पाळी अमेरिकी माणसाची. फसवतात ते ओळखीचे चेहरे. आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो ती ‘डेडलाइन’ अमेरिकी यादवी युद्धातील तुरुंगांतून आलेली आहे. जॉर्जियातील अँडरसनव्हिलच्या छावणीत 1864 मध्ये ती कुंपणाच्या आत आखलेली खरीखुरी सीमा होती आणि ती ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडत. मालाची तारीख चुकल्यावर आमच्याकडे फारतर दिलगिरीचे पत्र जात असे.

हिशेबाच्या वहीतून आलेले वाक्प्रचार मला अधिक आपले वाटतात. तोट्याचे आकडे तांबड्या शाईने लिहिण्याच्या रीतीवरून ‘इन द रेड’ आले, आणि नफा-तोट्याच्या पत्रकातील शेवटच्या ओळीवरून ‘बॉटम लाइन’. कीर्द-खतावणी ज्याने पाहिली आहे त्याला ही मंडळी परकी वाटू नयेत. नाणी बदलून घेताना कापल्या जाणाऱ्या बट्ट्याने आपल्यालाही ‘आतबट्ट्याचा व्यवहार’ दिलाच आहे.

आमचे हिशेबनीस मितभाषी होते. नमुन्यांच्या विमानभाड्याचे बिल त्यांच्यापुढे आले, तेव्हा कोणत्या खात्यावर टाकायचे, असे त्यांनी विचारले, आणि मी काही बोलण्याआधीच साहेब म्हणाले, “अक्कलखाती.” शेजारी बसलेल्या नव्या मुलीने या शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात, असे मला विचारले. मी दोन-तीन शब्द सुचवून पाहिले, पण अक्कल येताना गाठीचे पैसे गेल्याची टोचणी त्यांतल्या एकातही उतरेना. बिल शेवटी प्रवास व वाहतूक खर्चात गेले.